आई गेल्याचे बौद्धिक अपंगत्व असलेल्या भावाला कसे सांगावे?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी आमची आई वारली. माझा भाऊ ३४ वर्षांचा असून त्याला डाउन सिंड्रोम आहे. त्याला त्रास होऊ नये म्हणून आम्ही 'आई लांब गेली आहे' एवढेच सांगितले. पण तो रोज संध्याकाळी तिच्या चपला दाराशी नीट लावून वाट पाहत बसतो. खरे सांगितले तर तो कोलमडेल का?

उत्तर : खरे सांगाच, आणि तेही थेट शब्दांत : 'आईचे शरीर बंद पडले, ती मेली, ती परत येणार नाही.' हे ऐकायला कठोर वाटते, परंतु 'लांब गेली' म्हटल्यावर तो वाटच पाहणार. तो पुन्हा पुन्हा विचारील, तेव्हा त्याच शब्दांत उत्तर द्यावे.

दुसरे उत्तर : मी समुपदेशक आहे. भोवतालचे लोक ज्याला मान्यताच देत नाहीत अशा शोकाची संकल्पना अमेरिकी शोक-अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडली. 'त्याला काय कळते' असे गृहीत धरल्यामुळे तो शोक बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या वाट्याला फार येतो. त्यांचे दुःख अश्रूंऐवजी चिडचिडीतून किंवा जेवण सोडण्यातून, कधी कित्येक महिन्यांनीही, प्रकट होते. शब्द अपुरे पडत असतील तर आईच्या फोटोंची वही त्याच्यासोबत बसून तयार करावी.

प्रश्नकर्ती : काल सांगितले. तो बराच वेळ गप्प होता, मग चपला उचलून त्याने स्वतःच्या उशाशी ठेवल्या. त्या तिथेच राहू द्याव्यात का?

समुपदेशक : हो, त्याला हव्यात तोवर राहू द्या.