पन्नीतली तर्री आणि बाईची बीजांडं

बर्डीची सून:
रविवारी नवरा तर्री-पोहे घेऊन आला. तर्री पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, वाफाळती, वरून गाठ. मी मोरीत ओतली आणि घरात महाभारत. सासूबाई म्हणे, शिकलेल्या सुनेची थेरं. पण बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला २०१६ चा अभ्यास वाचा. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या ज्या बायकांच्या लघवीत डीईएचपी या थॅलेटचे अंश जास्त, त्यांची बीजांडं कमी हाती आली. प्लास्टिक मऊ करणारं हे रसायन तेलात आणि उष्णतेत सुटतं. तर्रीत दुसरं असतं काय?

जुना केमिस्ट:
ताई, पन्नी पॉलिथिनची. थॅलेट टाकतात ते मऊ पीव्हीसीत. शिवाय शरीर ते एक-दोन दिवसांत बाहेर टाकतं. अन् तो अभ्यास सांगड दाखवतो, कारण नाही.

वर्धा रोड:
काळी पन्नी कोणत्या भंगारातून बनली, याची खात्री तुम्ही देता का भाऊ? शरीर टाकतं, पण आपण रोज भरून राहिलो ना! पाण्याचे पॉलिकार्बोनेटचे कॅन मे महिन्यात ४५ डिग्रीत टेम्पोवर उभे असतात. १९९८ मध्ये अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ पॅट हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे अशाच प्लास्टिकचे पिंजरे चुकून जहाल द्रावणानं धुतले गेले. प्लास्टिक झिजलं, त्यातलं बीपीए हे रसायन सुटलं आणि माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांची वाटणी बिघडली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बीपीएची रोजची मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली, ते उगाच?

जुना केमिस्ट:
जर्मनीच्या बीएफआर या धोके तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं ती मर्यादा मान्य केली नाही, तेही सांगा. त्यांचा आकडा हजार पट सैल आहे.

ओपीडीतली सिस्टर:
बाप्पा, किती ते आकडे! मूल नाही म्हटलं की आमच्याकडे बाई एकटी येते. नवऱ्याची तपासणी सुचवली की 'त्याला काहून?' कितीतरी जणींच्या नळ्या जननमार्गाच्या क्षयानं बंद असतात, तो शोधायला वर्षं जातात. आता सुनेच्या डब्यावरही पहारा बसेल. थॅलेटचा संबंध पुरुषांच्या शुक्रजंतूंशीही लावला गेलाय, ते इथं कोणी लिहिलं नाही.

बर्डीची सून:
सिस्टर, हे नवऱ्याला वाचायला दिलं. गप्प झाला. आज स्टीलचा डबा घेऊन गेला. तर्री पन्नीच्या दुप्पट मिळाली.

जुना केमिस्ट:
झाकण प्लास्टिकचं नव्हतं ना?