प्रत्यारोपणापूर्वी दात्याचीही जंतांची तपासणी कशासाठी?

लाल माती:
नमस्कार. माझ्या वडिलांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण येत्या दोन महिन्यांत व्हायचे असून आई दाता आहे. दोघांचेही आयुष्य सिंधुदुर्गात भातशेतीत गेले. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभे राहणे हे आमच्याकडे कुणी जोखीम म्हणून मोजतच नाही. आता डॉक्टरांनी दोघांनाही तीन वेगवेगळ्या दिवशी शौचाचे नमुने आणि एक रक्तचाचणी करायला सांगितली आहे. पहिले नमुने निर्दोष आले, वडिलांच्या रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ज्या जंत असल्यास वाढू शकतात) मात्र 9 टक्के, म्हणजे वाढलेले आहेत. जंतांचे औषध दोघांनी गेल्याच वर्षी घेतले होते. मग इतकी खटपट कशासाठी, आणि आईची तपासणी का?

सूक्ष्मदर्शी:
मी अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. डॉक्टरांच्या मनात बहुधा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत असावा. दूषित ओल्या मातीतील त्याच्या अळ्या उघड्या पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात, रक्तावाटे फुप्फुसांत जातात, तेथून श्वासनलिकेतून घशाशी येऊन गिळल्या जातात आणि लहान आतड्यात वाढतात. इतर जंतांहून याचे वेगळेपण असे की, त्याच्या काही अळ्या आतड्यातच पुन्हा संसर्गक्षम होतात व त्याच माणसाला नव्याने बाधा करतात. म्हणून शेत सोडल्यावरही हा जंत दशकानुदशके, बहुधा काहीही त्रास न देता, शरीरात राहू शकतो.

प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारे स्टेरॉइड सुरू झाले की हा तह मोडतो. अळ्यांची संख्या बेसुमार वाढते, त्या आतड्याची भिंत भेदताना तेथील जिवाणूही सोबत नेतात आणि रुग्णाला रक्तात जिवाणूंचा संसर्ग (सेप्सिस) किंवा मेंदूज्वर होतो. अशा अवस्थेत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या रक्तात इओसिनोफिल वाढलेले दिसतीलच असे नाही, म्हणून वडिलांचे आजचे 9 टक्के ही अजून वाचता येणारी खूण आहे. तिची इतर कारणेही असतात, हे अर्थात खरे. आईची तपासणी अशासाठी की, दात्याच्या अवयवातून हा संसर्ग रुग्णाकडे गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

गेल्या वर्षीचे औषध बहुधा अल्बेंडाझोलची एक गोळी असणार. ती नेहमीच्या गोल जंतांना पुरते, याला नाही. निदान झाले तर सहसा आयव्हरमेक्टिन, वजनाच्या दर किलोला 200 मायक्रोग्रॅम या हिशेबाने देतात. ते डॉक्टरांनीच ठरवावे, कृपया आपल्या मनाने घेऊ नये.

सहावे वर्ष:
माझे प्रत्यारोपण होऊन सहा वर्षे होत आहेत. मला जंत नव्हते. माझ्या वाट्याला क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला एकपेशीय परजीवी आला, तोही एका लग्नातल्या माठाच्या पाण्यातून, असा माझा संशय. बारा दिवस जुलाब चालू होते. धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा: जुलाबांत औषधे वाहून जातील असे मी धरून चाललो होतो, प्रत्यक्षात टॅक्रोलिमस या, शरीराने मूत्रपिंड नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची रक्तातील पातळी वाढली आणि मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण असलेले क्रिएटिनिनही चढले. आतड्याचे अस्तर दुखावले की हे औषध जास्त शोषले जाते, असे डॉक्टरांनी समजावले. हा जीव क्लोरीनला दाद देत नाही, म्हणून घरी पाणी एक मिनिट खळखळून उकळतो. संसर्ग टाळण्यासाठी प्रत्यारोपणानंतर देतात त्या रोजच्या को-ट्रायमोक्साझोलच्या गोळीने सगळे भागते असे समजू नका. टोक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या परजीवीपासून ती बऱ्यापैकी वाचवते, पण जंतांवर आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर तिचा भरवसा नाही.

लाल माती:
दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी असल्याने पहिले दोन्ही नमुने आम्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळच्या एसटीने नेले होते. त्याने काही बिघडते का?

सूक्ष्मदर्शी:
बिघडते. या जंताच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना ओळखू येतात, आणि गारठलेल्या अळ्या वळवळत नाहीत. अळ्या वाढवून पाहण्याच्या संवर्धन चाचणीसाठी तर थंड केलेला नमुना निरुपयोगीच. त्यातून एका नमुन्यात अळ्या सापडतीलच असे नसते. ते दोन्ही अहवाल हिशेबात धरू नका, डॉक्टरांना फ्रिजची गोष्ट सांगा आणि पुढचे नमुने शक्य तर प्रयोगशाळेजवळच मुक्काम करून ताजे द्या.