मदत हवी आहे: एकट्यानं बेंच प्रेस मारताना बार अडकला तर?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा. व्यायामासाठी रोज बेळगावला जाणं जमत नाही, म्हणून उताणं पडून छातीवरून बार वर ढकलायला माडीवरच बेंच टाकलाय. काल 60 किलोला (20 चा बार, दोन्हीकडे 20-20) सहाव्या वेळी बार छातीवरच बसला. कॉलर (प्लेटा घसरू नयेत म्हणून बारला लावायच्या क्लिपा) घट्ट, प्लेटा पाडता येईनात. खाली आई भाकऱ्या थापत होती, पण हाक मारायला श्वास कुठला! शेवटी बार पोटावरून मांडीपर्यंत लोळवत उठलो. बरगडीवर निळा वळ आहे.

मित्र म्हणतो, कॉलर लावूच नको. पण एका बाजूच्या प्लेटा पडल्या की दुसरी बाजू धाडकन उलटते ना? सेफ्टी पिनांचा (निसटलेला बार अडवणाऱ्या आडव्या दांड्यांचा) रॅक बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या वेल्डरकडून करून घ्यावा म्हणतोय. पाइप किती गेजचा (जाडीचा) घेऊ? आणि पिना छातीच्या किती खाली ठेवता?