मदत हवी आहे: गाडीचा एसी फिल्टर घरीच बदलतोय, बाण वर ठेवू की खाली?

रानवाट:
नमस्कार मंडळी. गाडी २०१७ची ग्रँड आय१०, पेट्रोल. रोजचं जाणं-येणं चंद्रपूर ते वणी, घुग्घुसवरून. या रस्त्यावर कोळशाचे ट्रक किती असतात हे इकडच्यांना सांगायला नको. काचा बंद असल्या तरी संध्याकाळी डॅशबोर्डवरून बोट फिरवलं की काळं होतं. महिना झाला, पंखा चारवर ठेवला तरी नुसता आवाज वाढतो, हवा दोनवर असल्यासारखीच. एसी लावला की पहिली दोन मिनिटं ओल्या पोत्यासारखा वास. आईला दमा आहे. मागच्या खेपेला तिला नागपूरला दाखवायला नेलं, तर वरोऱ्यापर्यंत ती खोकतच होती. तेव्हाच ठरवलं की आता सर्व्हिसिंगची वाट बघायची नाही.

आज सकाळी नवा फिल्टर आणून काम काढलं. ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, आतून दोन्ही कडेचे प्लास्टिकचे अडसर काढले, बॉक्स खाली लोंबला. मागचं आडवं झाकण खटके दाबून सुटलं. फिल्टर ओढला तशी कडुलिंबाची वाळकी पानं आणि काड्या पायात पडल्या.

अडलंय ते इथे. काढण्याआधी फोटो घेतला होता, त्यात जुन्या फिल्टरवरचा बाण वर आहे. शेजारचे काका म्हणतात, खालीच हवा. नव्यावर बाण आणि ‘एअर फ्लो’ एवढंच छापलंय. कुणाचं खरं मानू? आणि वास फिल्टरचाच असेल का? जुना धुऊन जपून ठेवला तर चालेल का? आईला परवा परत न्यायचंय.

पाना-पक्कड:
भाऊ, जुना कसा बसवला होता ते सोडा, त्याची कोणती बाजू जास्त काळी आहे ते बघा. हवा ज्या बाजूने येते तिकडेच कचरा साठतो.

रानवाट:
वरची बाजू काळीकुट्ट, पानंही तिथेच अडकलेली. खालची नुसती राखाडी.

पाना-पक्कड:
मग काका बरोबर आहेत. हवा वरून येते, पंखा फिल्टरच्या खाली आहे. बाण म्हणजे हवा जाण्याची दिशा, म्हणून तो खाली. मागच्या वेळी कुणीतरी उलटा बसवला. उलटा बसला म्हणून फिल्टर निकामी होतो असं नाही, पण बऱ्याच फिल्टरांत हवा येते त्या बाजूला जाडसर थर असतो आणि पुढे बारीक. उलटा लावला की बारीक थरच आधी धुळीने भरतो आणि हवा लवकर कोंडते.

जुना धुऊ नका. पाण्याने त्याच्या घड्या बसतात, तंतू सुटतात, मग तो नावापुरता उरतो. झटकायचाही नाही, विशेषतः घरात आई असताना. तोंडाला रुमाल बांधून पिशवीत घाला आणि टाकून द्या.

नीलमोहोर:
एक कळकळीची विनंती, फिल्टर बाहेर असताना पंखा लावून बघू नका. मी लावला होता. एक काडी थेट पंख्यात गेली आणि पुढे आठ दिवस गाडीभर खरखर. आधी खाचेतला कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्या, नसेल तर ओलसर फडक्याने टिपा. बॉनेट उघडून समोरच्या काचेखालची जाळीही साफ करा, पानं तिथूनच आत येतात. गाडी कडुलिंबाखाली लावत असाल तर जागा बदलता आली तर उत्तम.

वास मात्र फिल्टर बदलून पूर्ण जाईलच असं नाही. एसीच्या कूलिंग कॉइलवर पाणी धरतं, गाडी बंद केली की ते तिथेच राहतं आणि त्यावर बुरशी येते. घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल वाळते. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकतं का तेही बघा. दमट दिवसातही टपकत नसेल, किंवा डाव्या सीटपुढची मॅट ओली लागत असेल, तर पाणी जाण्याची नळी तुंबलीय. तशाने वास परत परत येतो.

पाना-पक्कड:
घुग्घुसच्या पट्ट्यात आतलीच हवा फिरवायचं बटण चालू ठेवा. या गाडीत ती हवाही याच फिल्टरमधून जाते, म्हणजे आत शिरलेली धूळही हळूहळू कमी होते. पण नागपूरपर्यंत सगळा वेळ तसं नको. गाडीत चौघं असली तर हवा कोंदट होते, झापड येते. वरोरा सोडल्यावर थोडा वेळ बाहेरची हवा घ्या.

वर्षातून एकदा किंवा १५,००० किलोमीटरला बदला असं साधारण सांगतात. तुमच्या रस्त्याला तो हिशोब लागू नाही. दर ५,०००ला उघडून बघत जा, आता दहा मिनिटांचंच काम आहे.

रानवाट:
बसवला, बाण खाली. झाकणाचा एक खटका नीट लागत नव्हता. फिल्टरची कड किंचित वर राहिली होती, ती दाबल्यावर लागला. जाळीतून ओंजळभर पानं निघाली. आता दोनवरसुद्धा चांगली हवा येते. संध्याकाळी आईला पडोलीपर्यंत फिरवून आणलं, खोकली नाही. वास कमी झालाय पण आहे. गाडीखाली पाणी अगदी थेंब-थेंब पडतंय आणि डावी मॅट उचलली तर खालून दमट लागली. उद्या नळी बघतो. ती या गाडीत नेमकी कुठून बाहेर येते, फोटो असेल तर कुणी टाकाल का?