मदत हवी आहे: आत्याच्या आठवणींचं रेकॉर्डिंग, काय कापायचं आणि काय ठेवायचं?

नमस्कार मंडळी,

माझी आत्या ऐंशीच्या घरात आहे. माहेर गोव्यातल्या डिचोलीचं, लग्न होऊन गिरगावात आली. तिच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करतोय. त्यांचे छोटे भाग करून आधी नातेवाईकांना आणि जमलंच तर पॉडकास्ट म्हणून सगळ्यांना ऐकवायचा बेत आहे. रेकॉर्डिंग भरपूर झालंय, घोडं अडलंय संपादनावर.

आत्याचं बोलणं एका विषयावर टिकत नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या गोव्याच्या बोटीपासून सुरुवात होते. डेकवर चादर पसरून जागा कशी धरायची, मालवण-वेंगुर्ल्याला बोट बाहेरच नांगर टाकून उभी राहिली की पडावातून उतारू कसे यायचे, बोट लागलेल्या बायकांना आत्या आमसुलं कशी वाटून द्यायची, सगळं तपशीलवार. मग त्याच डेकवर दोन माणसं 'फूल की दोन पानं' (हे काय ते खाली सांगतो) म्हणून हातघाईवर आलेली आठवतात. तिथून थेट माहेरच्या स्वयंपाकघरात, कारण तिथेही तेच चाललेलं. आजोबा फुलवाले, मोठे काका दोन पानांवाले. आजोबा 'गोमन्तक' वाचायचे, काका 'राष्ट्रमत' पिठाच्या डब्यामागे ठेवायचे. आणि वाक्य संपायच्या आत त्या दिवशी हुमण (माशांची आमटी) कशाचं होतं ते येतं!

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. साधारण ३४ हजार मतांनी दोन पानं जिंकली. मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मत नव्हतं. आत्याला त्याचा राग अजून आहे आणि तो आवाजात स्पष्ट ऐकू येतो. माझ्या मते सगळ्या रेकॉर्डिंगमधला तोच सर्वात चांगला तुकडा आहे.

एका मित्राचा सल्ला असा की प्रवास, घर, राजकारण असे तीन वेगळे भाग कर, लोकांना शोधायला सोपं. करून पाहिलं. प्रवासाचा भाग पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखा वाटतो आणि राजकारणाचा नागरिकशास्त्राच्या धड्यासारखा. मला ती बोलते तसंच ठेवावंसं वाटतंय, फक्त सुरुवातीला माझ्या आवाजात मिनिटभर संदर्भ द्यायचा. पण नवीन ऐकणारा टिकेल का? कोणी असं केलं असेल तर अनुभव सांगा.

दुसरं, तिच्या सांगण्यात काही गोष्टी इतिहासाशी जुळत नाहीत. कौलाच्या दिवशी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते असं ती ठासून सांगते. प्रत्यक्षात कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून १९६६च्या डिसेंबरात त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता आणि राष्ट्रपती राजवट होती. तिला मध्येच थांबवून दुरुस्ती केली की ती गप्पच होते ("मग तूच सांग ना"). मूळ आवाज तसाच ठेवून खुलासा शेवटी द्यावा, की जिथल्या तिथे माझं एक वाक्य घालावं?

तिसरा प्रश्न नाजूक आहे. काका आता नाहीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, म्हणतो घरातली भांडणं जगाला कशाला? आजोबा काकांना ताटावरून "तुका कितें कळटा!" म्हणून उठवतात तो प्रसंग त्याला नको आहे. आत्या म्हणते, ठेव, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आठवण तिची, पण वडील त्याचे. नातेवाईकांच्या आवृत्तीत ठेवून जाहीर आवृत्तीत गाळावं असा मधला मार्ग सुचतोय, तरी त्याला आधी ऐकवल्याशिवाय काही करणार नाही.

आता तांत्रिक. खोलीतला पंखा बंद करता येत नाही, उकाड्याने तिला त्रास होतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पंख्याच्या नुसत्या आवाजाचा नमुना देऊन नॉइज रिडक्शन केलं, पण जरा जास्त लावलं की आत्या विहिरीतून बोलतेय असं वाटतं. कॉलर माईक घेतला तर फरक पडेल का? फोन एअरप्लेन मोडवर असतो, फाईल वेव्ह, मोनो. नातेवाईकांना व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून एमपीथ्री पाठवायचा विचार आहे. बोलण्यासाठी किती बिटरेट पुरे?

पार्श्वसंगीत कृपया सुचवू नका. म्हाताऱ्या माणसाच्या आवाजाखाली बासरी लावायची पद्धत मला सोसत नाही. कुकरची शिट्टी मात्र ठेवणार आहे.

आणि डिचोली, साखळी, पेडणे भागातलं कोणी इथे असेल तर एक विनंती. तुमच्या घरात १९६७च्या कौलाबद्दल काय बोललं जायचं? आत्याला वाचून दाखवीन, म्हणजे तिला पुढचं आठवेल.