कोलोन कॅथेड्रल: मूळ बांधकाम नेमके कोणते मानावे?

प्रश्न:
मागच्या वर्षी जर्मनीतील कोलोनचे कॅथेड्रल पाहण्याचा योग आला. जवळून पाहिले तर काही दगड काळेकुट्ट, काही राखाडी, काही अगदी ताजे घडवलेले दिसले आणि एका बाजूला परांची बांधलेली होती. इतके दगड बदलले गेले असतील, तर या वास्तूला तेराव्या शतकातील म्हणणे योग्य ठरते का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
आधीचे कॅथेड्रल आगीत जळाल्यावर १५ ऑगस्ट १२४८ रोजी नव्या वास्तूची पायाभरणी झाली. ख्रिस्ती परंपरेनुसार बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या, मिलानहून ११६४ मध्ये आणलेल्या अस्थींच्या दर्शनासाठी यात्रेकरूंची रीघ लागत असे, त्यामुळे एवढ्या भव्य वास्तूची गरज होतीच. वेदीकडचा पूर्वेचा भाग १३२२ मध्ये पूजेसाठी खुला झाला; पुढे काम रेंगाळत गेले आणि १५६० च्या सुमारास पूर्ण थांबले. अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी तशीच राहिली आणि ती १८६८ पर्यंत शहराची खूण बनून होती. दर्शनी भागाचा मध्ययुगीन आराखडा दोन तुकड्यांत, एक १८१४ मध्ये डार्मश्टाट येथे आणि दुसरा १८१६ मध्ये पॅरिसमध्ये, सापडला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये १५७ मीटर उंचीचे मनोरे पूर्ण झाले ते याच आराखड्याच्या आधारे. म्हणून या मनोऱ्यांना नक्कल म्हणायला माझे मन धजत नाही; जुन्या पाथरवटांनी सोडलेले काम नंतरच्यांनी त्यांच्याच रेखाटनावरून पुढे नेले.

उत्तर २:
रंगातील फरकाचे मुख्य कारण दगडांच्या जातीत आहे. मध्ययुगात ऱ्हाईनकाठच्या ड्राखेनफेल्स डोंगरातील ट्रॅकाइट नावाचा ज्वालामुखीजन्य दगड नदीमार्गे येत असे. तो डोंगर वाचवण्यासाठी प्रशियाच्या सरकारने १८३६ मध्ये विकत घेतला, तेव्हा १८४२ नंतर दुसरे दगड शोधणे भाग पडले. त्यांपैकी श्लाइटडॉर्फचा वालुकाश्म घडवायला सोपा होता, पण त्यातील कण चुन्यासारख्या कार्बोनेटने बांधलेले असतात. कोळशाच्या धुरातील गंधकाची त्याच्याशी प्रक्रिया होऊन जिप्सम तयार होते आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांसारखा सुटतो. शेजारीच रेल्वेस्थानक असल्याने वाफेच्या इंजिनांच्या धुराची त्यात भर पडली. ओबर्नकिर्खेनचा वालुकाश्म मात्र काळा पडला तरी भक्कम राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर झिजलेल्या जागी लोंडॉर्फचा बसाल्ट बसवण्यात आला. नवे राखाडी दगड दिसतात त्यांतील बरेचसे हे असावेत. कॅथेड्रलची स्वतःची बांधकामशाळा आहे आणि तेथील पाथरवट, काचकारागीर व सुतार अखंड काम करतात, त्यामुळे परांची कायम कुठे ना कुठे दिसतेच.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण एका दुरुस्तीविषयी मनात सल आहे. युद्धात कॅथेड्रलवर चौदा मोठे बॉम्ब पडले. १९४३ मध्ये उत्तर मनोऱ्याच्या एका आधारखांबाला मोठे भगदाड पडले, तेव्हा मनोरा कोसळू नये म्हणून तेथे घाईने विटा भरण्यात आल्या. दातात भरतात तसे हे भरण होते आणि जर्मन लोकही त्याला तेच नाव देत. १९९६ ते २००५ या काळात ते घडीव दगडाने झाकले गेले. कारागिरी उत्तम आहे, हे मान्य. तरीही त्या विटा युद्धाची साक्ष देत होत्या आणि त्या दिसत राहायला हव्या होत्या, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुन्हा गेलो तर मध्ययुगीन काम नेमके कुठे पाहावे?

उत्तर १:
पूर्वेकडील वेदीचा भाग आणि दक्षिण मनोऱ्याचे खालचे मजले पाहावेत. त्या मनोऱ्याखालील पीटरचे प्रवेशद्वार हे मध्ययुगात घडवलेले एकमेव द्वार आहे. मात्र त्यावरील मूळ मूर्तींपैकी काही आता कॅथेड्रलच्या कोषागारात आहेत आणि द्वारावर त्यांच्या प्रतिकृती आहेत, तेव्हा दोन्हीकडे जाऊन यावे.