लाडका नायक परत येतो तेव्हा आधीच्या शेवटाचे काय होते?

उत्तररात्र

दीर्घ कल्पनारम्य मालिका वाचणाऱ्या प्रत्येकावर हा प्रसंग कधी ना कधी येतो. कथा संपलेली असते, लेखकाने नायकाचा निरोप घेतलेला असतो, आपणही तो निरोप मनोमन स्वीकारलेला असतो, आणि काही वर्षांनी त्याच नायकाचे नवे पुस्तक येत असल्याचे कळते. आनंद तर होतोच, पण त्याच्या पाठोपाठ धास्तीही वाटू लागते. माझे मत आधीच स्पष्ट मांडतो. नायकाला परत आणण्यात गैर काही नाही, मात्र मधल्या वर्षांचा हिशेब त्याच्या शरीरात, नात्यांत आणि निर्णयांत दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर परत आलेले असते ते फक्त जुने नाव. (पुढे काही पुस्तकांचे शेवट उघड होत आहेत, तेव्हा ज्यांनी ती वाचलेली नाहीत त्यांनी जपून वाचावे.)

माझ्यासमोर उदाहरण आहे ते रॉबिन हॉब यांच्या फिट्झचे. राजपुत्राचा अनौरस मुलगा आणि राजघराण्याच्या सेवेतला छुपा मारेकरी असलेला हा नायक १९९५ साली प्रथम आला आणि १९९७च्या तिसऱ्या पुस्तकाअखेर जगाच्या लेखी मेलेला, एका लांडग्याच्या सोबतीने आडबाजूच्या झोपडीत राहणारा माणूस होऊन थांबला. २००१ ते २००३ या काळात त्याच्यावर आणखी तीन पुस्तके आली आणि २०१४ ते २०१७मध्ये पुन्हा तीन. या सर्वांत मला २०१४चे पुस्तक सर्वांत धाडसी वाटते, कारण त्याच्या पूर्वार्धात साहस जवळजवळ नाहीच. फिट्झ मॉलीबरोबर एका जहागिरीच्या वाड्यात संसार करतो आहे. पूर्वी त्याच्यावर झालेल्या स्किल या विद्येच्या उपचारामुळे त्याचे शरीर स्वतःला दुरुस्त करत राहते, त्यामुळे तो वयापेक्षा तरुण दिसतो आणि मॉली त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारी होत जाते. मूल होण्याचे वय मागे पडल्यावर ती आपण गरोदर असल्याचे सांगते. नऊ महिने उलटतात, वर्ष उलटते, तरीही ती बाळाच्या तयारीत असते आणि तिच्या मनाचा तोल ढळतो आहे असे समजून फिट्झ आतून खचत जातो. त्यानंतर बाळ खरोखरच जन्माला येते.

वीस वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर आपण राजवाड्यातल्या गुप्त वाटांनी फिरलो, त्याला बायकोवर विश्वास ठेवावा की तिची समजूत काढावी या पेचात पाहणे हे मला कोणत्याही लढाईपेक्षा मोठे वाटते. शिवाय आधीच्या दोन्ही त्रयी सर्वस्वी फिट्झच्या निवेदनातून आल्या होत्या. येथे प्रथमच त्याची मुलगी बी हीदेखील निवेदन करते. ती वडिलांचा स्पर्श टाळते, कारण त्यांच्या मनातली खळबळ तिला सोसत नाही. ज्या मनात आपण इतकी वर्षे राहिलो, ते बाहेरून एका लहान मुलीला कसे भासते हे तेव्हा आपल्याला कळते. नायकाकडे परत जायचे तर असे जावे.

पूर्णविराम

लेखाची मांडणी आवडली, तरीही मुख्य मुद्द्याशी मी मुळीच सहमत नाही. शेवट हा कलाकृतीचाच भाग असतो आणि त्याच्या प्रकाशातच आधीच्या सर्व घटनांना अर्थ येतो. १९९७च्या शेवटी फिट्झने काय गमावले होते ते आठवा. त्याची प्रेयसी मॉली आणि त्याला वाढवणारा बरिच हे दोघे, तो मेला असे समजून, एकमेकांशी लग्न करून त्याच्याच मुलीला वाढवत होते, आणि आपण जिवंत आहोत हे त्याने त्यांना कळू दिले नाही. त्या मौनात त्याचा सारा त्याग होता. २००३च्या पुस्तकात बरिच मारला जातो आणि मॉली फिट्झला परत मिळते. म्हणजे त्यागाची भरपाई झाली. २०१४मध्ये मॉलीही मरते, म्हणजे भरपाई काढून घेतली. देणे, घेणे, पुन्हा देणे, पुन्हा घेणे असा क्रम एकदा सुरू झाला की वाचक कोणत्याही शेवटावर विश्वास ठेवेनासा होतो. मी स्वतः २००३चा सुखान्त वाचताना समाधान मानले होते; आज तो पुन्हा वाचला तर पुढचे सारे डोळ्यांसमोर असल्यामुळे ते समाधान लाभणार नाही. नव्या पुस्तकाने जुन्या पुस्तकातले काहीतरी नेले आहे.

आपण म्हणता की मधल्या वर्षांचा हिशेब दिसला पाहिजे. तो फेडतो कोण, हेही पाहावे. लांडगा मरतो, बरिच मरतो, मॉली मरते. नायकाच्या प्रत्येक पुनरागमनाची किंमत त्याच्या भोवतालच्या माणसांनी मोजायची, हे मला लेखनातले न्याय्य तंत्र वाटत नाही.

तिसरी घंटा

पूर्णविराम यांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, परंतु तो सर्वच पुनरागमनांना लागू होत नाही. उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेत गेड हा महाजादूगार १९७२च्या तिसऱ्या पुस्तकात मृत्यूच्या प्रदेशात जाऊन आपली सगळी शक्ती खर्च करून येतो. त्या पुस्तकाच्या अखेरीस त्याच्याविषयी दोन वदंता सांगितल्या आहेत. एकीनुसार तो आपल्या होडीतून समुद्रावर निघून गेला, तर दुसरीनुसार राजा त्याला शोधत त्याच्या जन्मबेटावर आला तेव्हा तो पायीच डोंगरातल्या अरण्यात गेलेला होता. दंतकथेला शोभेल असाच हा शेवट होता. १८ वर्षांनी, १९९०मध्ये, ‘तेहानू’ आले आणि ले ग्विन यांनी त्या दंतकथेमागचा माणूस दाखवला. शक्ती गेल्यावर तो खंगलेला आहे, त्याला स्वतःची लाज वाटते आणि राजाची माणसे त्याला न्यायला येतात तेव्हा तो लपून बसतो. पुढे तो शेळ्या राखतो. जादू त्याला परत मिळत नाही.

येथे किंमत नायकच मोजतो. आणखी महत्त्वाचे हे की पुस्तक त्याचे राहिलेलेच नाही. दुसऱ्या पुस्तकातली तेनार आता विधवा आहे, आगीत होरपळवलेल्या एका मुलीला तिने जवळ केले आहे, आणि कथा त्या दोघींची आहे. गेड त्यांच्या घरात येतो, कामाला हातभार लावतो, भांडी घासायला शिकलेला पुरुष म्हणून आपल्याला दिसतो. अनेक वाचकांना हे पुस्तक रुचले नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या मते मालिकेतले ते सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे, कारण पराक्रम संपल्यावर पराक्रमी माणसाने जगायचे कसे हा प्रश्न पहिल्या तीन पुस्तकांनी विचारलाच नव्हता.

पूर्णविराम

‘तेहानू’ हे मोठे पुस्तक आहे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु त्याच्या मुखपृष्ठावर ‘अर्थसीचे अखेरचे पुस्तक’ असे उपशीर्षक होते आणि २००१मध्ये त्याच जगातली आणखी दोन पुस्तके आली. ले ग्विन यांच्यासारख्या लेखिकेलाही दार लावून घेता आले नाही. शिवाय त्या दोन वदंतांमध्ये वाचकाला निवड करण्याची जी मुभा होती, ती चौथ्या पुस्तकाने काढून घेतली. मला तो समुद्रावर निघून गेलेला गेड हवा होता, आणि तशी कल्पना करण्याचा अधिकार मला लेखिकेनेच दिलेला होता.

मधले पान

एक तिसरा मार्गही आहे. शेवटाला हात न लावता मागे जायचे. आंद्रेय साप्कोव्स्की यांनी राक्षसांची शिकार करणाऱ्या गेराल्टची मुख्य कथा १९९९मध्ये पूर्ण केली आणि २०१३मध्ये जी कादंबरी लिहिली, ती सुरुवातीच्या लघुकथांच्या काळात घडते. २०२४च्या पुस्तकात तर गेराल्ट अठरा वर्षांचा आहे. शेवट शाबूत राहतो, जुना सहवास पुन्हा मिळतो. नायक यातून वाचणार हे माहीत असल्यामुळे जिवावरच्या प्रसंगांतला ताण मात्र जातो, आणि मला ती उणीव जाणवली.

मायकेल मूरकॉक यांच्या एलरिक या शापित योद्ध्याबाबत ती जाणवत नाही, हे विशेष. १९६५मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘स्टॉर्मब्रिंगर’च्या शेवटी त्याची स्वतःची तलवारच त्याचा बळी घेते. त्यानंतर त्याच्या आधीच्या आयुष्यावर लेखक थेट २०२२पर्यंत लिहीत राहिले. त्या पुस्तकांत तो ती तलवार कमरेला लावतो आणि ती शेवटी काय करणार हे आपल्याला माहीत असते. येथे शेवट माहीत असल्यामुळेच भीती वाढते.

आडवाट

चर्चा आधुनिक मालिकांवर चालली आहे, तरी महाभारतातल्या मौसलपर्वाची आठवण येथे काढावीशी वाटते. युद्ध संपले, राज्य मिळाले, कथा तिथे थांबली असती तरी चालले असते. परंतु कृष्णाच्या निधनानंतर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर वाटेत आभीर लुटारू तुटून पडतात, त्याला गांडीवाला प्रत्यंचा चढवायलाही कष्ट पडतात, अस्त्रे आठवत नाहीत, आणि त्याच्या देखत स्त्रिया पळवल्या जातात. तेथेही किंमत इतरांनीच मोजली, हे पूर्णविराम यांचे म्हणणे मान्य. तरीही हा प्रसंग वगळला तर कुरुक्षेत्रावरचा अर्जुन मला अपुरा वाटेल, कारण त्याचे सामर्थ्य त्याचे स्वतःचे किती आणि कृष्णाच्या सोबतीचे किती, हे युद्धात कधी उघड झालेच नव्हते.

उत्तररात्र

आडवाट यांनी मला जे म्हणायचे होते ते अधिक नेमके म्हटले आहे. पूर्णविराम, तुम्ही १९९७च्या शेवटाला त्याग म्हणता. त्याच पुस्तकात फिट्झ आपल्या वेदनेचा मोठा भाग एका दगडी ड्रॅगनमध्ये ओतून देतो, हे विसरू नये. झोपडीतली ती शांती आपण सर्वांनी परिपक्वता समजून वाचली. २००३मध्ये त्या वेदना त्याला परत मिळतात आणि तेव्हा ध्यानात येते की ती शांती बधिरपणाची होती. ज्याला पुरते दुःखच होत नव्हते त्याचे मौन आपण त्याग म्हणून गौरवले. याचे बीज पहिल्या त्रयीतच आहे, नंतर चिकटवलेले नाही. पुनरागमनाने शेवट मोडला असे म्हणण्यापेक्षा तो नीट वाचायला लावला, असे मी म्हणेन.

पूर्णविराम

दगडी ड्रॅगनचा मुद्दा मला मान्य आहे आणि २००१ ते २००३च्या त्रयीला तो पुरेसा आधार देतो. जुन्या कथेत खरोखर काही अनुत्तरित राहिले असेल, तर परत जाण्याला कारण आहे. पण २००३च्या शेवटी फिट्झच्या वेदना परत आल्या होत्या, मॉली होती, आणि त्याचा जिवलग मित्र, तो विदूषक, स्वतःच्या निर्णयाने निघून गेला होता. तिथे असे कोणते बीज उरले होते, की ज्यासाठी २०१४मध्ये पुन्हा जावे लागले? त्या मित्राच्या निघून जाण्यात ते आहे असे आपण म्हणाल, तर मी उत्तर देईन की काही ताटातुटी कायमच्या असू शकतात, आणि त्या तशा राहू देण्याचे धैर्य मला लेखकाकडून हवे आहे.